साखळी कुणाच्या हातात?

मी दहावीला गणितात उडालो. १०० पैकी २१. बाकी सगळ्या विषयांत पास. मास्तर म्हणाले, "तुम्हा लोकांना गाणं-बजावणं जमतं, गणित नाही." मला तेव्हा गाणंही येत नव्हतं. पुढं कविता वस्तीत शिकलो आणि गणित सूतगिरणीच्या रिंगखात्यात. ८४० वारांची एक लड. एक पौंड सुतात अशा जितक्या लडी, तितका त्या सुताचा नंबर. ४० नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात ३३,६०० वार. नंबर वाढला की सूत बारीक. कागदावर जे गुणोत्तर मला कधी कळलं नाही ते बोटांच्या चिमटीत कळलं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घर करून बसलाय. मी उडालो, की उडवला गेलो?

मित्रांनो, आपण वाचण्या-लिहिण्याचा इतिहास लिहिला. पहिली शाळा कुणी काढली, पहिला निबंध कुणी लिहिला, पहिलं वर्तमानपत्र कुणी छापलं, हे आपल्या पोरांना पाठ आहे. पण मोजण्याचा इतिहास आपण लिहिला नाही. वही कुणाकडं होती, माप कुणाकडं होतं, साखळी कुणाच्या हातात होती, याचा हिशोब अजून बाकी आहे. तो थोडा मांडून बघतो.

१. शीव आमची, साखळी त्यांची

गावगाड्यात महाराकडं जी कामं होती त्यात एक काम शीव राखायचं. दोन गावांचा शिवेवरून तंटा लागला की महाराला बोलवायचे. तो पुढं चालायचा, गाव मागं. तो जिथं पाय ठेवील ती शीव. ओढा कुठं वळला, जुना दगड कुठं पुरला, कुठल्या बांधावर कुठलं झाड होतं, सगळा नकाशा त्याच्या पायांत. म्हणजे गावाची जमीन जो सगळ्यात बारकाईनं ओळखत होता तोच गावकुसाबाहेर राहत होता.

मग इंग्रजाची मोजणी आली. १८३० नंतर विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी इंदापुराकडून सुरुवात केली आणि मुंबई इलाख्यात साखळी फिरू लागली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आजही आपण गुंठ्याचा भाव विचारतो तेव्हा ती साखळीच बोलत असते. शीव पायांतून निघून कागदावर गेली. कागद वाचणारा, क्षेत्रफळ काढणारा, आकार बसवणारा दुसरा. महाराच्या पायांतलं ज्ञान एका पिढीत अडाणीपणा ठरलं.

ते गणितही काही आभाळातून पडलेलं नव्हतं. पंतोजीच्या शाळेत धूळपाटीवर पोरं पावकी, निमकी, पाउणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे पाढे कशासाठी? व्याज, मापं, सारा, वाटा यांच्यासाठी. व्यवहाराचंच गणित होतं ते. फक्त ज्याचा व्यवहार बुडायचा त्याला ते शिकवायचं नाही, एवढीच अट. सावकाराची वही आपल्या आज्याला वाचता आली असती तर अर्धी कर्जं त्याच दिवशी फिटली असती.

१८५६ साली धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मागणी मुंबई सरकारपर्यंत गेली. एका पोरासाठी बाकीच्यांचा रोष नको म्हणून दार उघडलं नाही. जोतीराव फुल्यांनी त्याच्या आधीच पुण्यात महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा काढल्या होत्या. १८८२ साली हंटर कमिशनपुढं त्यांनी जे निवेदन दिलं ते पुन्हा काढून वाचा. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी आपण भाषणात सांगतो. पण काय शिकवा हेही त्यांनी लिहिलंय. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशोब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. हिशोब आणि शेती यांचं नाव तिथं उगीच आलेलं नाही. जोतीराव स्वतः ठेकेदारी केलेले. दगड, चुना, मजूर, मजुरी या सगळ्याचा हिशोब त्यांना हातानं माहीत. इंजिनियर खात्यात आकडा कसा फिरतो आणि राबणारा कसा नागवला जातो, हे त्यांनी पाहिलं होतं.

आणि बाबासाहेब. एल्फिन्स्टन हायस्कुलातला तो प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातलं गणित आपण विसरतो. मास्तरांनी भीमरावाला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं. वर्गात एकच गलका. कारण सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे फळ्यामागं ठेवलेले. तो फळ्याजवळ जायच्या आत पोरांनी धावत जाऊन डबे उचलले. उदाहरण सोडवता येतं की नाही हा सवालच नव्हता. फळ्यापर्यंत जाता येतं का, हा सवाल होता. गणितात आपली पोरं मागं का, असं कुणी विचारलं तर त्याला आधी त्या डब्यांबद्दल विचारा.

तोच माणूस १९१८ साली हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर आकडे घेऊन लिहितो. १९१९ साली साऊथबरो समितीपुढं लोकसंख्या आणि प्रतिनिधी यांचा हिशोब मांडतो. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ छापतो. १९३२ च्या जातीय निवाड्यात प्रांतिक कायदेमंडळांच्या ७१ जागा होत्या, पुणे करारात त्या १४८ झाल्या. पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. आकडा दुप्पट झाला तरी ताकद दुप्पट झाली नाही, हे बाबासाहेबांना कळत होतं. कारण आकडा वाचणं आणि आकड्यामागचं वाचणं, दोन्ही त्यांना येत होतं. आपण त्यांचं बोट वर केलेलं चित्र लावतो. त्यांच्या दुसऱ्या हातातल्या पुस्तकात तक्तेही आहेत, हे ध्यानात ठेवत नाही.

२. मिसिसिपीचा मास्तर

आता जरा लांब जाऊ. वाट आपली ओळखीची आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आपण त्यांच्याकडून कविता घेतली, नाव घेतलं, मूठ घेतली. एक गोष्ट घ्यायची राहिली. ती गोष्ट बॉब मोझेसची.

रॉबर्ट मोझेस. जन्म १९३५, न्यूयॉर्कमधलं हार्लेम. हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकला, मग न्यूयॉर्कच्या एका शाळेत गणिताचा मास्तर. १९६० साली दक्षिणेतल्या काळ्या विद्यार्थ्यांनी हॉटेलांत बसून सत्याग्रह केले. ते फोटो बघून त्याला राहवेना. १९६१ साली तो मिसिसिपीत मुक्कामाला गेला. काम काय? काळ्या लोकांची नावं मतदारयादीत चढवायची.

ऐकायला सोपं. मिसिसिपीत १८९० च्या घटनेपासून एक चाळण बसवलेली होती. मतदार व्हायचं तर परीक्षा. नोंदणी कारकून राज्यघटनेतलं कुठलंही कलम काढून द्यायचा. ते लिहून काढा, त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार तोच कारकून. गोऱ्याला सोपं कलम, काळ्या मास्तरालासुद्धा नापास करील असं कलम. ज्यांच्यासाठी शाळाच धड ठेवल्या नाहीत त्यांना म्हणायचं, तुम्ही शिकलेले नाहीत म्हणून मत नाही. आधी दार बंद करायचं आणि मग आत का आला नाहीस म्हणून विचारायचं. ओळखीचं वाटतंय ना?

मोझेसला मार पडला, डोकं फुटलं. हर्बर्ट ली नावाच्या काळ्या शेतकऱ्यानं नोंदणीच्या कामात मदत केली. २५ सप्टेंबर १९६१ ला त्याला भर दिवसा गोळी घातली. घालणारा राज्याच्या कायदेमंडळाचा सभासद. त्याला शिक्षा झाली नाही.

या लढ्यातली एक बाई मला, गिरणीकामगाराला, फार जवळची वाटते. फॅनी लू हेमर. वीस भावंडांतली शेंडेफळ. सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी. तिथं वाट्याची शेती. जमीन मालकाची, घाम कुळाचा, आणि वर्षाअखेरीला हिशोब मालकाच्या वहीत. वहीत कूळ नेहमी देणं लागतं. हेमरबाईला लिहिता-वाचता येत होतं म्हणून मालकानं तिला हजेरी आणि वजनाच्या नोंदीचं काम दिलं. मालकाचा काटा खोटा. कापूस कमी दाखवणारा. ही बाई मालकाची नजर चुकवून काट्याला आपलं स्वतःचं वजन लावायची, म्हणजे वेचणारणीला तिचं खरं माप मिळावं. हे गणित आहे, मित्रांनो. गुपचूप केलेलं, जिवावर उदार होऊन केलेलं गणित. ३१ ऑगस्ट १९६२ ला ती नाव नोंदवायला गेली. नापास झाली. त्याच दिवशी मालकानं तिला मळ्यावरून हाकललं.

१९६४ च्या उन्हाळ्यात मोझेस आणि त्याच्या साथीदारांनी मिसिसिपीत मोठी मोहीम काढली. देवळांत, झाडाखाली, पडवीत चाळीसच्या वर 'फ्रीडम स्कूल' भरल्या, दोन हजारांच्या वर पोरं आली. १९६५ साली मतदान हक्काचा कायदा झाला. मिसिसिपीत १९६४ साली काळ्या प्रौढांपैकी शंभरात सातांचंही नाव यादीत नव्हतं. १९६७ साली शंभरातले सुमारे साठ यादीत आले. असा आकडा फार कमी चळवळींच्या नावावर आहे.

३. मतापासून बीजगणितापर्यंत

मोझेस पुढं लष्करभरती टाळून कॅनडात गेला, तिथून टांझानियात. १९६९ ते १९७६ तिथं शाळेत गणित शिकवलं. मग अमेरिकेत परतला, बोस्टनजवळच्या केंब्रिज गावी. १९८२ साली त्याची थोरली मुलगी आठवीत. तिच्या शाळेत आठवीला बीजगणितच नव्हतं. ते नाही तर नववीत वरचं गणित नाही, ते नाही तर कॉलेजात शास्त्र नाही, इंजिनियरी नाही. शाळेत पोरांच्या तुकड्या पाडलेल्या. हुशार, मध्यम, ढ. ढ तुकडीत पोरं कुणाची, हे सांगायला पाहिजे का?

मोझेसच्या ध्यानात आलं की मिसिसिपीची चाळण इथंही आहे. फक्त कलमाच्या जागी समीकरण. त्यानं शाळेत जाऊन शिकवायला सुरुवात केली. त्यातून 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' उभा राहिला. त्याचं म्हणणं असं, की कापूस वेचायचं यंत्र आलं तेव्हा मिसिसिपीचे लाखो हात बेकार झाले. आता संगणकाचं युग. जसं निरक्षराला तेव्हा नागरिक होता आलं नाही तसं गणित नसलेल्याला इथून पुढं होता येणार नाही. तो नव्या युगाचा वेठबिगार. १९८२ हे साल आपल्यालाही ठाऊक आहे. त्या सालच्या १८ जानेवारीला मुंबईच्या अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा उभं राहिलं नाही. आमच्या खात्यात नवं मशीन आलं की चार माणसं कमी होतात. मशीनचं पॅनेल वाचणारा एक राहतो. तो एक कोण असतो ते मी रोज पाहतो.

पण नुसतं 'बीजगणित शिका' म्हणून कोण शिकतं? एक पोरगा वजा संख्येशी अडायचा. पाच वजा सात म्हटलं की थांबायचा. मोझेसनं विचार केला, याच्या डोक्यात संख्येला एकच प्रश्न आहे, किती? दुसरा प्रश्नच नाही, कुणीकडं? मग त्यानं पोरांना शहराच्या भुयारी रेल्वेनं, रेड लाईननं, फिरवून आणलं. परत आल्यावर सांगितलं, या प्रवासाचं चित्र काढा. मग आपल्या घरच्या बोलीत लिहा. मग त्यातलं नेमकं वेगळं काढा. सुरुवात कुठून, शेवट कुठं, किती स्टेशनं, कुठल्या दिशेनं. आणि सगळ्यात शेवटी त्याला चिन्हं द्या. अनुभव, चित्र, बोली, नेमकी भाषा, चिन्ह. अशा पाच पायऱ्या. एक स्टेशन शून्य धरायचं. एका अंगाला अधिक, दुसऱ्या अंगाला वजा. शून्य कुठं धरायचं हे आपण ठरवायचं.

यातली तिसरी पायरी मला मोठी वाटते. पोराची बोली वर्गात येते. आपल्याकडं पोरानं 'पानी' म्हटलं की मास्तर पोराकडं बघतो, गणिताकडं नाही.

मोझेस १९९६ पासून पुन्हा मिसिसिपीत, जॅक्सन शहरातल्या लॅनियर हायस्कुलात शिकवू लागला. पस्तीस वर्षांमागं जिथं मार खाल्ला त्याच राज्यात हातात खडू घेऊन. २००१ साली त्यानं जुना साथी चार्ल्स कॉब याच्याबरोबर या कामावर पुस्तक लिहिलं. २५ जुलै २०२१ ला तो गेला, ८६ वर्षांचा होऊन. त्याच्या कामानं अमेरिकेतल्या सगळ्या काळ्या पोरांना गणित आलं असं नाही. पण गणित हा नागरी हक्काचा प्रश्न आहे हे त्यानं जगापुढं मांडलं, ते आता मागं घेता येत नाही.

४. एक धोका

इथं एक इशारा दिला पाहिजे. 'जीवनातलं गणित', 'हाताला काम देणारं शिक्षण' हे शब्द ऐकले की आपण सावध व्हायचं. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी योजना आणली. पोरं शाळेत अर्धा वेळ बसतील, उरलेला वेळ बापाचा धंदा शिकतील. न्हाव्याचा पोरगा न्हावी, चांभाराचा पोरगा चांभार, आणि हे सगळं शिक्षणाच्या नावानं. पेरियार रामस्वामींनी रान उठवलं आणि १९५४ साली योजना गुंडाळावी लागली.

म्हणून वस्तीतून गणित शिकवायचं ते वस्तीतच थांबण्यासाठी नाही. त्यांच्या पोरांना बीजगणित आणि आपल्या पोरांना बादल्या मोजायचं गणित, असं झालं तर ती जुनीच विटाळाची रेघ नव्या पाटीवर. मोझेसनं पाचवी पायरी कधी सोडली नाही. रेल्वेतून निघायचं आणि समीकरणापर्यंत पोचायचं. नळावर सुरू करायचं, नळावर थांबायचं नाही.

५. आमची गल्ली

आता घरचं सांगतो. आमच्या विहारात आम्ही चौघं संध्याकाळी पाचवी ते आठवीच्या पोरांचा वर्ग घेतो. मी दिवसपाळीला असलो की गणित माझ्याकडं. गेल्या उन्हाळ्यात गल्लीला एक नळकोंडाळं मंजूर झालं. कुठं बसवायचं ते वस्तीनं कळवायचं होतं. वडीलधाऱ्यांनी ठरवलं, बोर्डाच्या चौकात. "सगळ्यांला मधी पडतो," म्हणाले. आमचं घर चौकाला लागून. आई गुडघ्यानं अधू. मला बरंच वाटलं.

मी पोरांना म्हटलं, चला, गल्ली मोजू. गवंडीकाम करणाऱ्या एका काकांचा टेप आणला. विहार शून्य धरला. रस्त्याकडं अधिक, ओढ्याकडं वजा. पोरांनी गल्ली चालून काढली, चित्र काढलं, आपल्या बोलीत लिहिलं. रस्त्याच्या अंगाला आपली २० घरं, ४ मीटरवर एक, अधिक ४ पासून अधिक ८० पर्यंत. ओढ्याच्या अंगाला मधे मोकळी जागा, मग मातंग समाजाची ६ घरं. वजा ४० पासून वजा ६० पर्यंत, तीही चार-चार मीटरवर. चौक अधिक ५० वर.

फळ्यावर रेघ काढली, आकडे मांडले. सहावीतली एक पोरगी, तिचं घर शेवटचं, उभी राहिली. म्हणाली, "दादा, आमचीच घरं वजा का?"

मला उत्तर आलं नाही. वर्ग गप्प. रेघ मीच काढली होती. मग मागचा एक पोरगा म्हणाला, "शून्य हिच्या दारात धरू की. कोण नाही म्हणतंय?" धरला. तिचं घर शून्य, विहार अधिक ६०, चौक अधिक ११०, गल्लीचं शेवटचं घर अधिक १४०. पोरांनी सगळी अंतरं पुन्हा काढली. एकही अंतर बदललं नाही. बदललं एवढंच की वजा कुणी उरलं नाही. शून्य कुठं असतो हे निसर्ग ठरवत नाही, रेघ काढणारा ठरवतो. हे मला एका सहावीतल्या पोरीनं शिकवलं. पुढचे आकडे देताना मी सोयीसाठी विहारच शून्य धरतो, पण तिची परवानगी घेऊन.

मग पाचवी पायरी. नळाच्या जागेला नाव दिलं 'न', घराच्या जागेला 'घ'. अंतर म्हणजे न वजा घ. उत्तर वजा आलं तर चिन्ह सोडून द्यायचं, कारण घागर दिशा ओळखत नाही. सव्वीस घरांतून प्रत्येकी एक खेप धरून, जायचं तेवढं अंतर, बेरीज केली.

नळ अधिक ५० वर, चौकात : एकूण १०१६ मीटर. सगळ्यात लांबचं घर ११० मीटर.

नळ अधिक ३० वर : एकूण ९१६ मीटर. सगळ्यात लांबचं घर ९० मीटर.

नळ अधिक १० वर : एकूण १०१६ मीटर. सगळ्यात लांबचं घर ७० मीटर, आणि तेही दोन्ही टोकांना सारखंच.

अधिक ३० ला एकूण चाल सगळ्यात कमी, कारण तेरा घरं या अंगाला, तेरा त्या अंगाला. पुस्तकात त्याला मध्यक म्हणतात. पण पोरं भांडायला लागली. एक म्हणतो, सगळ्यांची मिळून चाल कमी, तोच न्याय. दुसरी म्हणते, जिला सगळ्यात लांब जावं लागतं तिचं कमी करा, तो न्याय. अधिक ३० वरून नळ अधिक १० वर आणला तर एकूण चाल १०० मीटरनं वाढते. सव्वीस घरांत वाटली तर घरटी चार मीटरसुद्धा नाही. आणि शेवटच्या घराचे एका खेपेला, जाऊन-येऊन, ४० मीटर वाचतात. दहा खेपांना ४००. डोक्यावर घागर घेऊन. घागर कोण वाहतं? तीच सहावीतली पोरगी. म्हणूनच ती वर्गाला उशिरा येते.

बीजगणितानं न्याय कुठला ते सांगितलं नाही. ते त्याचं काम नव्हे. पण चौकातला नळ न्यायाचा नाही एवढं त्यानं उघडं पाडलं. चौकात आणि अधिक १० वर एकूण चाल अगदी सारखी, १०१६. मग चौकच का? 'सगळ्यांला मधी' म्हणून नव्हे. बोलणाऱ्यांची घरं तिथं म्हणून. माझंही.

बैठकीत पोरांनी फळा नेला. एक आजोबा म्हणाले, "पोरांचा खेळ हाय हा. चौकच मधी पडतो."

आठवीतला पोरगा म्हणाला, "आजोबा, मधी म्हंजे कुणाच्या मधी?"

आजोबा बराच वेळ फळ्याकडं बघत राहिले. दोन बैठका झाल्या. दोघं-तिघं उठून गेले. एकानं मला ऐकवलं, "गटार-नळ मोजून क्रांती व्हती का? मोर्चाला माणसं गोळा कर." मी गप्प बसलो. आईला विचारलं. चौकात नळ आला असता तर ती २ मीटर चालली असती, आता ४२ चालणार. ती म्हणाली, "तू आण पाणी. तुझे गुडघे काय मेलेत?" नळकोंडाळं अधिक १० वर बसलं. पाणी एक दिवसाआड पाऊण तास येतं. टाकी किती, नळी किती, घरं किती, हे पुढचं गणित पोरांनी हातात घेतलंय. यावेळी ते वस्तीशी नाही, वरच्यांशी मांडायचं आहे.

ज्यानं विचारलं त्याला आता उत्तर देतो. मोर्चा पाहिजेच, मी रात्रपाळी बुडवून येईन. पण महाडला १९२७ साली आपण ज्या पाण्यासाठी चाललो ते पाणी आपल्याच गल्लीत शेवटच्या घराला सगळ्यात लांब पडत असेल, तर ते आपल्याला दिसलं पाहिजे. मला दिसत नव्हतं. मी रोज त्या गल्लीतून जात होतो, कविता लिहीत होतो, समतेवर लिहीत होतो, तरी दिसत नव्हतं. टेप धरला तेव्हा दिसलं.

शीव आपल्या पायांत होती, साखळी त्यांच्या हातात गेली. आता साखळी पाचवी ते आठवीच्या पोरांच्या हातात द्या. एक टेप, एक फळा, एक गल्ली. आपल्या वस्तीतला नळ मोजा, विहारातली अभ्यासिका मोजा, शाळेची वाट मोजा, आणि काय बांधायचं ते पोरांना मांडू द्या. आणि मोजणी समीकरणापर्यंत नेल्याशिवाय थांबू नका. मग त्यांना दहावीला कोण उडवतो ते बघू.

तुमच्या गल्लीचे आकडे या पत्त्यावर कळवा. पुढच्या अंकात छापू. शून्य कुठं धरला तेही लिहा.

जयभीम.